सोल्डरशिवाय बसणारी पिन

सर्किट बोर्डावर काही कनेक्टर सोल्डर न करता नुसते दाबून बसवतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं. नुसतं दाबलेलं सुटून नाही का येणार? पण विचारणार कोणाला? आठवीनंतर शाळा सुटलेली, तमिळ येत नाही, आणि लग्न होऊन लातूरकडून थेट चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीला आलेली. कारखान्यात मी पॅकिंगला होते. खोकी चिकटवता चिकटवता पलीकडे ते कनेक्टर दाबणाऱ्या प्रेसकडे बघत राहायचे.

मग पॅकिंगचं कंत्राट संपत आलं. दुरुस्तीच्या टेबलावर एक जागा रिकामी होती. ते टेबल सांभाळणाऱ्या अक्कांनी मला आठवडाभर बसवून बघायचं ठरवलं. जमलं तर राहायचं, नाहीतर घरी. अक्का तंजावरकडच्या मराठी. बोलणं जुन्या वळणाचं, चाल तमिळ. मी कॅन्टीनमध्ये आईशी फोनवर बोलत होते ते ऐकून त्या एकदा ताट घेऊन समोर येऊन बसल्या होत्या. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मी पोटभर जेवले. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आठवड्याच्या शेवटी एक बोर्ड आला. कनेक्टरची प्रत्येक पिन बोर्डाच्या भोकातून आरपार जाऊन तिचं टोक मागच्या बाजूला दिसायला हवं. इथे एक भोक रिकामंच होतं. तिथली पिन आत न जाता कनेक्टरखाली मुडपून बसली होती.

"काढ," अक्का म्हणाल्या. "आज मी हात लावणार नाही."

बोर्ड पालथा करून मधे पोकळ असलेल्या ठोकळ्यावर ठेवला. वर आलेल्या टोकांवर हत्यार टेकवून हातप्रेसची लिव्हर ओढली. हलेना. मी अंगाचा भार टाकला.

"अय्यो, म्हैस ढकलतेस काय? हळू. सरळ दाब. तिरकं गेलं की बोर्ड गेला."

मनगटाला स्थिर वीज उतरवणारा अर्थिंगचा पट्टा, त्याखाली नुसता घाम. पुन्हा लिव्हर धरली. कट् कट् असा बारीक आवाज होत गेला आणि कनेक्टर सुटून ठोकळ्यात पडला. बोर्ड शाबूत होता.

माझे वडील सुतारकाम करतात. जुना खिळा ठोकून सरळ केल्याशिवाय आमच्याकडे नवा निघत नाही. त्यामुळे माझा हात आपोआप चिमट्याकडे गेला. वाकलेली पिन मी सरळ करायला घेतली.

"काय करतेस मा?"

"एकच वाकलीय अक्का. सरळ केली की झालं. बाकीच्या चांगल्या आहेत."

"चांगल्या? तुला कोण बोललं?"

संपलं, मला वाटलं. आता सोमवारपासून घरी. पण अक्कांनी नव्या कनेक्टरचं पाकीट फोडलं आणि नवा-जुना दोन्ही भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवले.

"आधी बघ, मग बोल."

पिनेच्या मधोमध सुईसारखं नेढं होतं. नव्या पिनेचं उघडं, फुगीर. काढलेल्या पिनांचं चेपून जवळजवळ मिटलेलं. गंमत म्हणजे जी वाकली होती तिचंच नेढं तेवढं जसंच्या तसं, कारण ती भोकात गेलीच नव्हती. म्हणजे पिन आत शिरताना चेपते, परत फुगायला बघते, आणि त्या जोरावर भोकाच्या भिंतीला धरून राहते! सोल्डरचं कामच नाही. माझा डोळा भिंगावरून निघेना.

"एकदा चेपली की जोर गेला," अक्का म्हणाल्या. "परत घातलीस तर बसेल, पण धरणार नाही."

"मग भोकाचं काय?" माझ्या तोंडून निघून गेलं. "पिन इतकी चेपते, तर भिंतही घासली असेल ना?"

अक्कांनी बोर्ड माझ्याकडे सरकवला. "मला काय विचारतेस? बॅटरी घे, बघ."

एकेक भोक बघितलं. आतल्या धातूच्या मुलाम्यावर बारीक घासल्याच्या रेघा होत्या, पण तो कुठे सोललेला नव्हता. भोक दुसरी पिन सोसतं, सारखी काढ-घाल सोसत नाही, असं त्यांनी सांगितलं. बोर्डाच्या कोपऱ्यात रंगाचा ठिपकाही दिला. एकदा काढलंय, याची ती खूण.

नवा कनेक्टर मी बसवला. बोर्ड उलटा केला. सगळ्या भोकांतून टोकं आलेली. टेस्टिंगहून बोर्ड पास होऊन आला. अक्का चष्मा पुसत बसल्या.

"जुना भंगारात टाकू?" मी विचारलं. मग राहवलं नाही. "का... मी ठेवू? पुन्हा बघायला?"

"बाहेर नेलास तर गेटवर धरतील."

"मग?"

"मग काय? तुझ्या ड्रॉवरात ठेव. खालचा तुझा. चावी सोमवारी देते."

ड्रॉवर अडकत होता. दोन्ही हातांनी ओढून उघडला. आत कोणाचा तरी जुना कंगवा पडला होता. तो बाजूला सारला आणि कनेक्टर ठेवला.