कापलेली चार मिनिटं

सांधेकाकूंचं हे नाव त्यांच्या गुडघ्यांवरून पडलं असं नव्या लोकांना वाटतं. गुडघे दुखतात हे खरं, पण नाव त्याच्या पुष्कळ आधीचं. चित्रपट वितरणाच्या कचेरीत त्या एकतीस वर्षं फिल्म तपासत होत्या. थिएटरांतून परत आलेलं रीळ एका हाताने फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून फिल्मची कड सरकू द्यायची, आणि बोटाला जिथे खरखर लागेल तिथे थांबून फाटका भाग कापायचा, दोन टोकं जोडायची. त्या जोडाला कचेरीत सांधा म्हणत. काकूंचा सांधा पडद्यावर ओळखून दाखवायची पैज ऑपरेटर लोक चहावर लावत, आणि तो चहा कायम काकूच पीत.

या कामातून त्यांना एक गोष्ट कळली होती आणि ती त्या कुणालाही, न विचारता, सांगत. थिएटरचे मालक रडका प्रसंग कापतात, म्हणजे खेळ लवकर सुटतो. भीतीचा प्रसंग कापतात, म्हणजे लोक मुलांना घेऊन उठून जात नाहीत. मग चित्रपट लंगडत परत येतो आणि प्रेक्षक म्हणतात, दिग्दर्शकाला अक्कल नव्हती. "होती की," काकू म्हणत, "पण ती मालकाच्या केराच्या टोपलीत पडली."

कचेरी बंद झाली तेव्हा मुलांच्या जुन्या चित्रपटांच्या प्रती भंगारात निघाल्या. काकू भंगारवाल्याच्या हातगाडीपुढे उभ्या राहिल्या आणि चौदा चित्रपट उतरवून घेतल्याशिवाय बाजूला झाल्या नाहीत. जवळच्या वाचनालयाच्या माळ्यावर एक प्रोजेक्टर धूळ खात पडला होता. तो त्यांनी स्वतः दुरुस्त केला, आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत काळे पडदे ओढून मुलांचा खेळ सुरू झाला.

निवड काकूंची, त्यात कुणाची लुडबुड चालत नसे. आधी त्या चित्रपट एकट्या, आवाज बंद करून बघत. आवाजाशिवाय समजला तरच पुढची बोलणी. राक्षस असेल तर त्याला भूक लागली पाहिजे, झोप आली पाहिजे. नुसते दात विचकणारा राक्षस त्यांच्या लेखी कामचुकार. यान पुठ्ठ्याचं असलं किंवा उडत्या घोड्याची दोरी दिसली तरी त्यांची हरकत नसे. "मुलं दोरीला हसतात," त्या म्हणत, "आणि हसता हसता घोडा पडेल म्हणून श्वास धरून बसतात. आणखी काय पाहिजे?"

वाचनालयाच्या चिटणीसांना आणखी बरंच काही पाहिजे होतं. रंगीत पाहिजे, नवं पाहिजे, मुलं दचकायला नकोत, रडायला तर मुळीच नकोत. एका रविवारी त्यांनी मान्य चित्रपटांची यादी टाइप करून आणली. काकूंनी ती शांतपणे वाचली, चौघडी केली आणि प्रोजेक्टरच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवली. "फार उपयोगाची आहे," त्या म्हणाल्या. चिटणीसांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तो प्रोजेक्टर चालवणारं दुसरं कुणी त्यांच्याकडे नव्हतं.

असल्या बाण्याची ही बाई घरात मात्र वर्षभर तोंडाला कुलूप लावून होती.

मागच्या वर्षी त्यांची सून गेली. आजार वाढला तेव्हा मुलाने आपल्या आठ वर्षांच्या लेकीला चार दिवसांसाठी म्हणून मावशीकडे पाठवलं. चाराचे पंधरा झाले. ती परत आली तेव्हा आई नव्हती, आईचं कपाट रिकामं होतं आणि खिडकीजवळचा पलंग भिंतीला लावलेला होता. "आई गेली," एवढंच तिला सांगण्यात आलं. हा विषय घरात पुन्हा निघायचा नाही, असं मुलाने काकूंना बजावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी स्वतःची समजूत घालून काकूंनी मान डोलावली. नातीने दोनचारदा विचारलं, मग विचारणं सोडलं, आणि हळूहळू बाकीचं बोलणंही कमी केलं. शाळेतून निरोप आला, मुलगी वर्गात तोंड उघडत नाही.

तोंड उघडायची ती फक्त रविवारी. प्रोजेक्टरशेजारच्या स्टुलावर बसून ती पडद्यावर डोळे लावायची आणि चित्राने इवलीशी उडी मारली की आजीचा पदर ओढायची. "आजी, सांधा!" ऑपरेटरांना जे कधी जमलं नाही ते या चिमुरडीला जमत होतं. काकूंना राग यायचा सोडून त्यांची छाती फुगायची.

अशात काकूंनी चंद्राचा चित्रपट बाहेर काढला. काळापांढरा, पुठ्ठ्याच्या यानाचा. एक कप्तानीण चार मुलांना घेऊन चंद्रावर जाते. तिथला दरवाजा असा असतो की कुणीतरी आत थांबून चाक फिरवल्याशिवाय यान बाहेर पडू शकत नाही. कप्तानीण थांबते. यान निघून जातं, हवा संपत येते. ती खाली बसते, बूट काढून एकाशेजारी एक नीट ठेवते आणि लांबच्या पृथ्वीकडे बघत डोळे मिटते. चार मिनिटं ना शब्द, ना संगीत. काकूंच्या मते चौदा चित्रपटांत याच्यासारखा दुसरा नव्हता.

"आई, तो नको," मुलगा म्हणाला. तो औषधाच्या दुकानात कामाला होता. लहानपणी कचेरीत बसून त्याने हा चित्रपट पाहिलेला होता. "शेवटी ती मरते."

"मरते. म्हणून तर मुलं घरी पोचतात."

"मग तेवढं काप. तुझ्या हातचा मळ आहे तो."

"मी फाटलेलं कापते. धडधाकट कापत नाही."

"ठीक आहे. मग ती रविवारी येणार नाही. या रविवारी नाही आणि पुढेही कधी नाही."

तो पोकळ धमक्या देणाऱ्यांतला नव्हता. नातीचं जे काय बोलणं उरलं होतं ते त्या स्टुलावरच उरलं होतं, हे काकूंना माहीत होतं. चिटणीसांना जुमानलं नाही, थिएटरच्या मालकांना जुमानलं नाही, आणि पोटच्या पोरापुढे त्यांनी हात टेकले. शनिवारी दुपारी त्यांनी ती चार मिनिटं कापली, गुंडाळी करून बिस्किटांच्या डब्यात टाकली आणि उरलेल्या टोकांचा असा सांधा घातला की जुन्या ऑपरेटरांनी पायाच पडावं. आयुष्यातला सगळ्यात सुबक सांधा. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

रविवारी कप्तानीण चाक फिरवत होती, आणि पुढच्याच क्षणी मुलं घरी बसून सूप पीत होती. खोलीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. चिटणीसही खूश झाले. काकूंचा पदर मात्र कुणी ओढला नाही.

घरी भांडी पुसताना नात म्हणाली, "आजी, कप्तानीण कुठे गेली?"

"राहिली तिकडेच."

"राहून काय केलं तिने?"

काकू ताटली पुसत राहिल्या. ताटली केव्हाच कोरडी झाली होती.

"तिथे सांधा होता," नात म्हणाली. "उडी दिसली नाही, पण होता. मला मावशीकडे पाठवलंत ना, तेव्हा पण तुम्ही असाच सांधा घातलात."

काकूंनी ताटली खाली ठेवली. त्यांना रडू आलं नाही, संताप आला, आणि तो सगळा स्वतःचा स्वतःवर होता. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे पोरीला कळत होतं आणि घरातली दोन मोठी माणसं वर्षभर टोपली धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी त्या वाचनालयात गेल्या. येत्या रविवारी पुन्हा तोच चित्रपट, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं.

"अहो काकू, परत तोच?" चिटणीस म्हणाले.

"तो नव्हे. मागच्या वेळी मी मुलांना फसवलं. आता पुरा दाखवते."

"पालक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी वरच असते, पाठवून द्या."

मुलाला त्यांनी स्वतः सांगितलं, जेवताना, नात शेजारी बसलेली असताना, आडपडदा न ठेवता. तो ताटावरून उठला. शनिवारी काकूंनी बिस्किटांच्या डब्यातली चार मिनिटं परत जागेवर जोडली. रविवारी पावणेदहाला काकूंनी चप्पल घातली, नातीचा हात धरला आणि त्याच्या देखत दाराबाहेर पडल्या. त्याने अडवलं नाही. पण अर्धा चित्रपट झाला तेव्हा वरच्या खोलीचा दरवाजा उघडला आणि दुकानाचा पांढरा कोट तसाच अंगात असलेला मुलगा आत आला. अंधारात चाचपडत तो प्रोजेक्टरपाशी पोचला.

पडद्यावर कप्तानिणीने चाक धरलं.

"आई, बंद कर."

"नाही."

"मी बटण दाबीन."

"दाबून बघ," काकू म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नव्हता. "एकतीस वर्षं लोकांनी कापलेलं मी जोडत आले. तुझ्यासाठी एकदा कापलं, ते माझं चुकलं. पुन्हा चुकायची नाही. राग धर, घर सोड, माझ्याशी बोलू नकोस. पण बटणाला हात लावलास तर याद राख."

त्याचा हात बटणापर्यंत आलेला होता. तो तिथेच राहिला. यान निघून गेलं. कप्तानीण खाली बसली, तिने बूट काढले, नीट लावून ठेवले. खोलीत तीस पोरं होती आणि प्रोजेक्टरच्या खडखडाटाशिवाय आवाज नव्हता. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी भोकाड पसरून रडायला लागली, शेजारचीने तिला जवळ ओढलं, आणि कुणीतरी हळूच म्हणालं, "मेली ती." सूप पिणारी मुलं आली तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत. रीळ संपलं, फिल्मचं मोकळं टोक फटफट करायला लागलं, काकूंनी यंत्र थांबवलं.

अंधारात नातीचा आवाज आला. "बाबा, आई शेवटी काय म्हणाली?"

काकूंनी त्याच्या वतीने उत्तर दिलं नाही.

"पाणी मागितलं," मुलगा म्हणाला. "मी आणायला आत गेलो."

हे काकूंनाही माहीत नव्हतं. त्या वेळी त्या डॉक्टरांना बोलवायला गेल्या होत्या.

"मग?"

"परत आलो तर झालं होतं सगळं."

नात त्याच्याकडे वळली. "त्या पाण्याचं काय केलंस?"

"प्यायलो," तो म्हणाला. "तिथेच उभा राहून मीच प्यायलो. मला काही सुचेना, बाळा." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला रडू फुटलं. नात स्टुलावर सरकली आणि तिने त्याच्या कोटाची बाही धरून त्याला खाली बसवलं.

पुढच्या रांगांत चुळबुळ सुरू झाली. जिन्यात चिटणीसांची पावलं वाजली. "काकू, लाइट लावा ना!" कुणीतरी ओरडलं.

"लागेल लाइट," सांधेकाकू म्हणाल्या आणि लाइटच्या बटणाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "गप बसा जरा सगळे."