पत्रपेटीवरची पट्टी

फ्रँकफुर्टच्या अगदी कडेला, ट्राम जिथून वळसा घेऊन परत फिरते, तिथे आमची अकरा मजली इमारत. पहिल्या दिवशी लिफ्टचं दार उघडलं आणि मी बाहेरच थांबले. आत कुणीतरी लघवी केली होती. बटणं लायटरने वितळवलेली. आमच्या सहाव्या मजल्याच्या जागी तर नुसतं काळं भोक.

"हे जर्मनी?" मी ह्यांना विचारलं.

दोन्ही हातांत बॅगा घेऊन हे म्हणाले, "जर्मनीच. जिना इकडे आहे."

मी आठवीत शाळा सोडलेली. मला जर्मनी माहीत होती ती व्हिसाच्या क्लासातल्या पुस्तकातली. त्यात सगळे बेकरीत उभे राहून एकमेकांना गुटन मॉर्गन म्हणायचे आणि खिडक्यांत लाल फुलं असायची. इथे पहिल्याच आठवड्यात वरून कुणीतरी गादी फेकली. मी पोळ्या लाटत होते, खिडकीसमोरून ती अख्खी गादी खाली गेली. लाटणं हातात तसंच राहिलं. बाहेर कुणी साधं ओरडलंसुद्धा नाही, याचाच धक्का जास्त बसला.

हे एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये कुक. सकाळी दहाला गेले की मी एकटी. दाराला दोनदा किल्ली, मग साखळी, मग खुर्ची. आमच्याच मजल्यावर एक म्हातारी राहायची. चाकांचा वॉकर ढकलत यायची, त्याच्या टोपलीत सकाळपासून बिअरच्या बाटल्या. जिन्यात कुणाच्याही नावाने खेकसायची. तिने एकदा आमचं दार वाजवलं तेव्हा मी खुर्ची धरून श्वास रोखून उभी राहिले. पलीकडे ती खोकत होती. बऱ्याच वेळाने गेली.

गणपतीत जवळच्या एश्बॉर्न गावातल्या एका ताईंकडे मोदक करायला गेले होते. त्या पुण्याच्या, नवरा-बायको दोघंही आयटीत. मी पत्ता सांगितला तशी त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"अगं बाई! तिथे? तिथे म्हणे पिझ्झावालासुद्धा वर जात नाही. एक कर, बाहेर नावाची पट्टी ठेवू नकोस. परदेशी बाई घरात एकटी असते हे जगाला कशाला सांगायचं?"

माझ्या भल्यासाठीच बोलल्या. निघताना त्यांनी दिलेला कोट मी आजही घालते. पण त्या दिवशी घरी येताच मी खालच्या पत्रपेट्यांपाशी गेले. शेजारची पेटी कुणीतरी आत कागद पेटवून जाळलेली, तिचं झाकण लोंबत होतं. ते पाहिलं आणि आमच्या पेटीवरची पट्टी नखाने खरवडून काढली. बेलच्या शेजारचीही काढली. ह्यांनी स्वतःच्या हाताने आडनाव लिहिलं होतं. ह्यांना सांगितलं नाही, आणि रात्री उशिरा येताना ह्यांच्याही लक्षात आलं नाही. आमच्या गावी पोस्टमन पाट्या कुठे वाचतो? तो माणूस ओळखतो. पत्र चुलत्याच्या हातात देऊन पुढे जातो. तेच डोक्यात.

मग ह्यांनी विचारायला सुरुवात केली. "पत्र आलं का गं?" ह्यांच्या इथे राहायच्या परवानगीची मुदत महिनाअखेर संपत होती. ती वाढवायची तर सरकारी ऑफिसातून टेर्मिनचं, म्हणजे भेटीच्या वेळेचं, पत्र यायला हवं. "वेळ चुकली तर मालक कामावर ठेवणार नाही. मग बॅगा भरायच्या." मी रोज पेटी उघडायचे. पिझ्झाची जाहिरात तेवढी असायची.

मला उमगायला दोन आठवडे लागले. एका दुपारी कचरा टाकायला खाली गेले तर पोस्टाची बाई पत्रं टाकत होती. तिचं बोट पट्ट्यांवरून सरकत होतं. आमच्या पेटीपाशी आलं आणि न थांबता पुढे गेलं.

मी धावले, "बिट्टे, बिट्टे" अशा विनवण्या करत पेटी दाखवली. ती भराभरा बोलली. मला दोनच गोष्टी कळल्या. नाव नाही. परत.

वर जाऊन चिकटपट्टीवर आडनाव लिहिलं, दोनदा अक्षर चुकलं. खाली येऊन चिकटवते तोच मागे चाकं कुरकुरली. म्हातारी.

"आल्झो," ती म्हणाली, "म्हणजे जिवंत आहेस तर."

मी भिंतीला टेकले. ती मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा बोलू लागली. "मी रोज या पट्ट्या वाचते. चौथ्या मजल्यावर एकाची पट्टी पडली. सगळ्यांना वाटलं, गेला सोडून. आत होता. तीन आठवडे."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तोंडाला पदर लावायला हात गेला, आणि अंगावर कोट होता.

तिने बाटल्यांखालून एक पाकीट काढलं. "पोस्टवाली परत नेत होती. मी म्हटलं, राहतात, रोज दुपारी माझ्या पॅसेजमध्ये यांच्या कांद्याचा वास येतो. पुन्हा दार वाजवलं, याही वेळी तू उघडलं नाहीस." मी हात पुढे केला तसं तिने पाकीट छातीशी धरलं. "नाव?"

मी आडनाव सांगितलं.

"ते पट्टीवर होतं. कुणीही सांगेल. नवऱ्याचं नाव."

आता काय सांगू! लग्नाला नऊ वर्षं झाली. ह्यांचं नाव मी घेतलं ते उखाण्यातच, तेही बायकांनी कोपर मारल्यावर. फॉर्मवर शंभरदा लिहिलं. व्हिसाच्या खिडकीतसुद्धा कागदावर बोट ठेवून भागवलं होतं. नुसतं, उघडं नाव कधीच नाही.

पुटपुटले.

"मी बहिरी आहे. मोठ्याने!"

मी डोळे मिटून ओरडले. अख्ख्या जिन्यात ह्यांचं नाव घुमलं. वर कुठेतरी कुत्रा भुंकला.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली आणि पाकीट दिलं.

पत्रातली तारीख येत्या परवाची होती, मध्ये एकच दिवस. जिन्याच्या ज्या घाण पायरीला कधी हात लावला नव्हता, तिच्यावर बसले आणि ह्यांना फोन लावला.

"अहो, पत्र मिळालं. परवाची वेळ दिलीय." मग सगळं सांगितलं. पट्टी मी काढली होती तेही. पलीकडे कढई वाजत होती. "आणि तुमचं नाव घ्यावं लागलं. जिन्यात. ओरडून."

हे म्हणाले, "उखाणा घेतलास की तसंच?"

मी रडत होते तरी हसले. म्हातारी अजून तिथेच होती. माझी चिकटपट्टी बघून तिने मान हलवली. "एकच नाव? तू राहत नाहीस?" तिच्यासमोर मी दुसरी पट्टी लिहिली. ह्यांचं नाव, माझं नाव, मग आडनाव. आमच्या गावच्या दारावरसुद्धा माझं नाव कधी नव्हतं.

टेर्मिनला वेळेत पोचलो. परवानगी वाढली. त्या बाईचे उपकार कसे फेडू कळत नाही. दुपारी पिठलं नेऊन देते, ती नाक मुरडून घेते.

भीती गेली असं नाही. परवाच तळमजल्याची काच फोडली कुणीतरी. पण आता खाली उतरले की मीही पट्ट्या वाचते. कुणाचा कोपरा सुटलेला दिसला, की अंगठ्याने दाबून बसवते.