रोहूच्या एका कुटुंबाचा नकाशा

माझ्या संशोधनाला रोहू माशाचे एकच कुटुंब हवे होते: एक मादी, एक नर आणि त्यांची सव्वाशे बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्ले. आईकडे प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात आणि पिल्लाला वारसा देण्यापूर्वी त्या आपसांत तुकडे बदलतात. गुणसूत्रावरच्या जवळजवळच्या खुणा, म्हणजे डीएनएतल्या ओळखता येणाऱ्या जागा, या अदलाबदलीत सहसा एकत्र राहतात, लांबच्या तुटतात. किती पिल्लांत कोणत्या दोन खुणा तुटल्या हे मोजले की अंतर मिळते, आणि अशा अंतरांतून नकाशा उभा राहतो. कागदावर हे इतके स्वच्छ होते की काही बिघडेल असे मला वाटलेच नाही.

दिंद्रुडच्या अलीकडे फाट्यावर उतरून थोडे चालले की एका मच्छीमार सोसायटीचे तळे लागे. पाऊस दुसऱ्या वर्षीही हुलकावणी देत होता. प्रजननाचे मासे एका कोपऱ्यात जाळ्याआड धरले होते आणि पिल्लांसाठी सिमेंटची एकच टाकी बोअरच्या पाण्याने भरली होती. टाकी पुन्हा भरणार नाही, हे चेअरमननी आधीच सांगितले होते. म्हणजे जे कुटुंब मिळेल तेच, आणि माझे प्रबंधाचे वर्ष त्याच्यावर. मत्स्यबीजाचे, म्हणजे पिल्ले तयार करण्याचे, सगळे काम पाहणाऱ्या काकांनी मादी निवडली, नर निवडला, दोघांना प्रजननाचे इंजेक्शन दिले. मी स्वतःच्या हाताने दोघांच्या पोहायच्या परांचे तुकडे डीएनएसाठी कापून नळ्यांत भरले, चिठ्ठ्या लावल्या आणि शेवटची एसटी गाठली. पिल्ले बोटाएवढी झाल्यावर मी पुन्हा येऊन त्यांचे नमुने घेऊन गेले.

दिवाळीनंतर आकडे आले आणि माझे डोके चालेनासे झाले. शेजारी असायला हव्यात अशा खुणा नकाशावर भलतीकडे फेकल्या जात होत्या. जवळजवळ निम्म्या पिल्लांत आईकडेही नाही आणि बापाकडेही नाही असे काहीतरी सापडत होते. आधी मी नळ्यांची अदलाबदल झाली असे धरले आणि सगळ्या चिठ्ठ्या तपासल्या. मग यंत्रावर संशय घेतला आणि तेच नमुने पुन्हा लावले. आकडे तेच. बाहेरचा मासा टाकीत शिरणे शक्य नव्हते. टाकीत यायला वाटच नव्हती. गुणसूत्रांतल्या अदलाबदलीचा दर खरोखरच इतका असेल का, या कल्पनेने मी दोन दिवस हुरळलेही. मार्गदर्शकांनी एवढेच विचारले, की पिल्लांचा बाप कोण हे मला नक्की माहीत आहे का. मला प्रश्नाचा रागच आला. मी त्याचा पर कापला होता.

तरी मी तळ्यावर गेले. तळ्यात आता गुडघाभर पाणी होते आणि उरलेले मासे काढून विकायला जाळे ओढणे चालू होते. मी काकांना त्या संध्याकाळचा क्रम विचारला. मादी सोडली, नर सोडला, असे सांगत ते सहज म्हणाले, की मग दुसरा नर सोडला.

"दुसरा?"

"एका नरावर काम भागत न्हाई, ताई. मादीमागं दोन नर लावावंच लागत्यात."

"मला सांगितलं का नाही?"

"कावून सांगायचं? हे समद्यांला म्हाईत हाय. तुमी तर लई शिकल्याल्या."

जाळ्याची दोरी धरून उभे असलेले चेअरमन हसले. "बाई, पोरं मोजली, बाप मोजायचा राहिला तुमचा."

जाळे ओढणारे सगळेच हसले. मला हसावे की रडावे कळेना. काकांनी मला फसवले नव्हते. दर हंगामात ते करत तेच त्यांनी केले होते. मी एसटीच्या घाईत निघाले नसते तर तो दुसरा नर मला दिसला असता. आता प्रत्येक पिल्लात आईचे काय आणि बापाचे काय हे वेगळे करायचे, तर दुसऱ्या बापाचा पर हवाच होता, आणि तो जाळ्यातल्या डझनभर नरांपैकी एक होता. तासाभरात टेम्पो येणार होता.

काका चिखलात उतरले, तीन मासे उचलून परत सोडले आणि चौथा माझ्यापुढे धरला.

"ह्योच."

"कशावरून?"

"रोजचा हाय ना माझ्या हाताखालचा."

हा पुरावा कोणत्याही प्रबंधात बसला नसता. मी पर कापला.

तो बाप निघाला. पहिल्या नराशी न जुळलेल्या पिल्लांपैकी तीन सोडून सगळी त्याच्याशी जुळली. त्या तिघांचे काय, ते मला आजही सांगता येत नाही. काकांना विचारले तर ते म्हणाले की नर दोनच होते, आणि थोड्या वेळाने म्हणाले, बहुधा. तिघांना वगळून मी दोन्ही बापांची पिल्ले वेगळी केली आणि सगळ्यांतून आईचा नकाशा काढला. रोहूत गुणसूत्रांच्या पंचवीस जोड्या असतात, म्हणून नकाशात जोडीला एक अशा पंचवीस रेघा यायला हव्या होत्या. माझ्या नकाशात सव्वीस आल्या. एखादी रेघ मधल्या खुणांअभावी तुटली असावी, पण कोणती, हे ठरवायला त्याच मादीची आणखी पिल्ले हवी होती, आणि ती मादी त्या दिवशी टेम्पोतून बाजारात गेली होती.

तोंडी परीक्षेत त्यावरच बोट ठेवले गेले. दोन रेघा जोडून पंचवीस दाखवणे सोपे होते. मला तसे सुचवलेही गेले होते. मी सव्वीसच ठेवल्या आणि यांतल्या कोणत्या दोन एक आहेत हे मला माहीत नाही, असे सांगितले. परीक्षकांनी काहीतरी लिहून घेतले आणि पुढचे पान उलटले.