भाकरीत काही न्हवतं

ज्यानं माझा नवरा गिळला, तेच माझी नात पुण्याच्या लॅबमध्ये बोटाएवढ्या नळीत तयार करते.

पगार घेऊन.

बोलतेय मी, टाइप करतेय तीच, शीतल. मला अक्षर येत न्हाय. पण एखादं वाक्य गाळलं तर बरोबर सापडतं मला. वाचून दाखवल्याशिवाय पोस्ट टाकायची न्हाय, असं ठरलंय आमचं.

आज मालकांना जाऊन वर्ष झालं.

मालक माकणीच्या धरणाच्या कालव्यावर पाटकरी व्हते. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, ते बघायचे. सगळ्या पाळ्या तोंडपाठ. कुणी कागद काढा म्हणलं की अपमान वाटायचा त्यांना.

म्या सांगितलेला बाजार तेवढा ध्यानात राहायचा न्हाय. तो आजार न्हवता, लबाडी व्हती.

मग खरंच विसरायला लागले.

आधी पाळ्या. मग घरची वाट. मग मी.

एक दिवस धाकटा दीर आला. शेजारचे दोघं बसलेले. म्या ताट वाढलं. मालकांनी भाकरी हुंगली अन् ताट ढकलून दिलं.

"ही बाई भाकरीत कायतरी कालवते. मला मारायलीय."

दिरानं भावाकडं न्हाय, माझ्याकडं बघितलं.

त्या दिवसापासून त्याच्या घरातल्या कुणी माझ्या हातचा चहा घेतला न्हाय. वहिनीनं कायतरी खाऊ घातलं, म्हणून डोकं फिरलं, अशी गावभर बातमी. हीच माणसं भीमजयंतीला अंधश्रद्धेवरचं भाषण ऐकून टाळ्या वाजवतात.

किळस येते मला.

मालक गेल्यावर पुण्यानुमोदनाचं जेवण घातलं, त्याला पहिल्या पंगतीत बसला धाकटा. माझ्या घरची आमटी तीनदा मागून घेतली. तेव्हा काही कालवलेलं लागलं न्हाय जिभेला.

उन्हाळ्यात शीतलच्या लॅबमध्ये घरच्या माणसांना बोलवायचा दिवस व्हता. मी गेले. मला एक विचारायचं व्हतं.

तिनं आधी समजावून सांगितलं. टाऊ नावाचं प्रोटीन सगळ्यांच्याच मेंदूत असतं अन् चांगलंच असतं. ह्या विसरायच्या आजारात ते एकमेकाला चिकटतं, त्याचे धागे होतात, अन् मेंदू आतून मरत जातो. त्याच्यावर रिसर्च करायचा तर ते धागे हाताशी पाहिजेत. म्हणून लॅबमध्ये बनवतात.

कसे? तर माणसाच्या प्रोटीनची कृती आतड्यातल्या जंतूत घालायची. जंतूंना खाऊ घालून वाढवायचं. मग फोडायचं, उकळायचं, गाळायचं. उकळल्यावर बाकीचं बरंच नासतं, टाऊ तेवढं टिकतं.

म्या पदर नाकाला लावला. शीतल म्हणाली, आज्जी, वास येत नाही त्याला. वासासाठी कुठं लावला व्हता.

मग स्क्रीनवर धागे दाखवले, लई मोठे करून. न्हाणीच्या जाळीत केस अडकतात ना, अगदी तसले.

एवढ्याशा घाणीनं माझा माणूस नेला.

तयार धाग्यांचं जरासं चांगल्या प्रोटीनमध्ये टाकलं की तेही त्यांच्यासारखं होत जातं, असं म्हणाली. म्हणलं, मग विरजणच की. तर पोरगी खूश, हो आज्जी, तसंच.

घरी येऊन आठ दिवस दही लावलं न्हाय म्या.

म्हणलं, ओत हे मोरीत. तर म्हणे, ओतून कसं चालेल, कोणतं औषध ह्यांना थांबवतं ते ह्यांच्यावरच बघायचं असतं. सापडलं का, विचारलं. तिनं न्हाय म्हणून मान हलवली. खोटं बोलली न्हाय, तेवढं बरं केलं.

मग विचारलं, ज्यासाठी गेले व्हते ते.

"भाकरीचं बोलले ना ते, ते त्यांच्या मनात आधीपासून असंल का गं?"

शीतलनं हातातले मोजे काढले. माझ्याजवळ स्टूल ओढून बसली.

"नाही आज्जी. ह्या आजारात संशय येतो. कितीतरी जणांना येतो. आजोबांच्या मनात तसलं काही नव्हतं."

तेव्हा तिला एक सांगितलं. आज तुमा सगळ्यांना सांगते. ती म्हणतेय, हे नको टाकायला. म्या म्हणलं, टाक.

त्या दिवशी दीर गेल्यावर म्या मालकांच्या थोबाडीत मारली.

त्यांनी गालाला हात लावला अन् म्हणाले, "चुकलं माझं, बाई."

बाई. जशी कुणी परकी.

दिराची किळस येते, त्या धाग्यांची येते. पण ह्या उजव्या हाताची येते तेवढी कशाचीच न्हाय.

शीतलला सांगून ठेवलंय. कर ती घाण तयार, लागंल तेवढी कर, पण ते औषध हुडक.

मालक, भाकरीचं बोलले ते तुमी न्हवता.

मारणारी मात्र मीच व्हते.

जयभीम घ्या माझा.