घोंगडी मास्तरांची काचखोली

१९४६ सालची संक्रांत, सकाळची वेळ. हजर: घोंगडी मास्तर, खाटेवर पडलेल्या त्यांच्या पत्नी माई, मास्तरांची आई, जिला सारी गल्ली आऊ म्हणायची, इस्माईलभाई सुतार, आणि शेजारीण म्हणून मी. काम: माईंची खाट नव्या काचेच्या खोलीत हलवणे. तिळगूळ मी नेला होता.

मास्तर नगरच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवत. भर चैत्रात ते काळी धनगरी घोंगडी पांघरून वर्गात येत आणि कपाळाचा घाम पुसत विचारत, "ह्या घोंगडीत कुठं चूल पेटलीय का रे? मग ऊब येते कुठून?" मुलं हसत. मास्तर सांगत, "ऊब माझीच. घोंगडी फक्त ती मला परत देते. पृथ्वीचंही तेच आहे. ऊन हवेतून सरळ खाली येतं आणि जमीन तापते. तापलेली जमीन डोळ्यांना न दिसणारी उष्णता वर सोडते. हवेतली वाफ आणि कोळसा जळताना निघणारा कर्बाम्ल वायू ती धरतात आणि त्यातली काही खाली परत पाठवतात. ही घोंगडी नसती तर पृथ्वी गारठून गेली असती. चंद्राला घोंगडी नाही. तिथं दिवस भाजतो आणि रात्र गोठवते."

मी मुलींच्या शाळेत हाच विषय शिकवत असे. मास्तरांची उदाहरणं मी सर्रास उचलली, त्यांना सांगूनच. घोंगडी मात्र नेली नाही. आमच्या मुख्याध्यापिकांना ते चाललं नसतं.

संध्याकाळी मास्तर ओट्यावर उभे राहून आभाळ बघत. ढग असले तर म्हणत, "आज पांघरूण आहे, बाई. पहाटे थंडी बेताची." आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली तर, "आज जमीन उघडी झोपणार. माठातलं पाणी दातांना झोंबेल." बहुधा तसंच होई. आऊ आतून म्हणायची, "एवढं कळतंय तर माज्या सुनंचा खोकला कवा जाईल ते सांग की."

स्टेशनावर कुणाला पोचवायला गेलो की मास्तर गाडीकडे पाठ करून इंजिनाचा धूर बघत राहत. एकदा म्हणाले, "काळं दिसतं ते खाली बसतं, बाई. न दिसणारा वायू वर राहतो. जगभर इतका कोळसा जळतोय, म्हणजे घोंगडीला रोज एक धागा वाढतोय. विलायतेत कुणीतरी त्याचा हिशेबही मांडलाय म्हणे." मी व्यवहारी बाई. मी विचारलं, "मग करायचं काय?" ते फाटकाकडे चालू लागले. हेडमास्तरांना त्यांनी हेच सांगितलं, तेव्हा उत्तर मिळालं, "परीक्षेला येत नाही ना, मग सोडा."

माईंची छाती आदल्या पावसाळ्यातल्या न्यूमोनियाने दुबळी झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं: ऊन मिळू द्या, गार वाऱ्यापासून जपा. लढाई संपली होती आणि भिंगारच्या कॅम्पात मोडीतल्या लष्करी लॉऱ्यांचा लिलाव चालू होता. मास्तरांनी तिथून पुढच्या काचा आणल्या आणि दक्षिणेच्या भिंतीला टेकून खोली उभी केली. इस्माईलभाई चौकट ठोकता ठोकता म्हणाले, "मास्तर, हिच्यात वहिनींना बसवायचं हाय का हिला मनमाडपर्यंत चालवायची हाय?" माई खाटेवरून हसल्या, खोकल्या, पुन्हा हसल्या.

मास्तरांनी खोलीच्या नकाशात एक उघडती खिडकी काढली होती. म्हणाले, "काच उष्णता अडवते ते थोडं. खरं म्हणजे ती वारा अडवते, तापलेली हवा बाहेर जाऊ देत नाही. उन्हाळ्यात तिला बाहेर पडायला वाट लागेल." आऊ ऐकेना. तिचा नवरा आणि थोरली लेक दोघंही छातीच्या दुखण्याने गेली होती, आणि दोघांनाही वारं बाधलं अशी तिची खात्री होती. "वारंच आत घ्यायचं तर काच कशाला? माज्या जिवंतपनी भोक न्हाई पडायचं." मास्तर आईपुढे कधीच बोलत नसत. काचांच्या फटी लांबीच्या लगद्याने बुजवल्या गेल्या.

पौष-माघ सोन्यासारखे गेले. बाहेर दात वाजत आणि आत माई पदर सैल सोडून बसत. गालांवर रंग आला. जेवण वाढलं. "आऊंनी माझं लोणचं घातलंय. बरणीत मुरतेय," असं त्या मला म्हणाल्या. मास्तर वर्गातल्या मुलांना मुद्दाम खोली दाखवायला आणत.

फाल्गुन सरला आणि काच तापू लागली. दुपारी आत पाय ठेववत नसे. माईंना ताप भरू लागला, श्वास लागू लागला. मास्तरांनी आपली घोंगडी काचेवर टाकली. मी घरातल्या सतरंज्या दिल्या, शेजाऱ्यांनी गोणपाटं दिली. ऊन अडलं, पण आत कोंडलेली धग निघेना. डॉक्टर म्हणाले, "खोली उघडा." आऊ त्यांच्यावर उलटली, "थंडीत वारं नगं म्हनलास. आता वारं पायजे व्हय? तुजं तुला तरी ठरव." मास्तर माईंना बाहेर हलवायला निघाले, तर माईच म्हणाल्या, "अहो, राहू द्या. आऊंच्या मनात धास्ती बसली तर त्या अन्न सोडतील." मास्तर खाटेच्या पायाशी उभे राहिले. सगळं कळणाऱ्या माणसाला इतकं हतबल मी कधी पाहिलं नव्हतं.

एका दुपारी माईंना घास गिळवेना. मास्तर अंगणातून वरवंटा घेऊन आले आणि वरची काच फोडली. लॉरीची काच, सहज फुटेना. आऊ ओरडत होती, ते ठोकत होते. शेवटी भगदाड पडलं आणि वारा आत आला. त्या संध्याकाळी माई शांत झोपल्या. मला वाटलं, सुटलो.

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

आऊ म्हणाली, वाऱ्यानं गेली. डॉक्टर म्हणाले, छातीत आधीच काही उरलं नव्हतं. मास्तर मला एकदाच म्हणाले, "धगीनं गेली असेल तर मी उशीर केला. वाऱ्यानं गेली असेल तर मी मारली. कुठलं खरं, हे कळायला मार्ग नाही, बाई." मी डबे पोचवले, नातेवाइकांना तारा केल्या, दिवसांची व्यवस्था लावली.

जूनमध्ये शाळा उघडली. मास्तर घोंगडी न घेता वर्गात गेले. धडा तोच घेतला, पण पुढे जाऊन कोळशाचंही सांगितलं. एका मुलाने विचारलं, "सर, पृथ्वीला गरम झालं तर घोंगडी काढायची कशी?" मास्तरांनी तो प्रश्न फळ्यावर लिहिला आणि घंटा होईपर्यंत पुसू दिला नाही, असं मुलं सांगतात.

दिवाळीनंतर त्यांनी खानदेशातली नोकरी धरली. आऊही बरोबर गेली. दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत. स्टेशनावर मास्तर मला म्हणाले, "मुलींना अर्धाच धडा शिकवू नका. घोंगडी ऊब देते, एवढंच ऐकून मुलं खूश होतात. ती जाड होतेय, हेही सांगा."

मी हो म्हटलं. आता १९४९ संपत आलं आहे. दरवर्षी पहिला अर्धा भाग नीट होतो, चंद्रासकट. मुली हसतात, वहीत उतरवून घेतात. मग मी पुढचं पान उलटते आणि पावसाचे प्रकार सुरू करते. वर्षाच्या कामांतलं बाकी सगळं वेळेवर होतं. मास्तरांचा उरलेला अर्धा धडा घ्यायचा राहिला आहे.