आईनं धुतलेलं शेवाळ

आमचं गाव अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातलं. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. अमरावतीला एमएस्सी करत होते तेव्हा माझ्या गाईड मॅडमना नेमकं हेच पाणी आवडलं. झिंग्यांच्या टाक्यांत समुद्री शेवाळ वाढवायचं, तर त्याच्या पानांवर राहणारे जिवाणू या पाण्यात टिकतात का, हा माझा प्रकल्प. ते नसले तर पान धड वाढतच नाही. कोकणातून आणलेलं मूठभर शेवाळ मी घरच्या सिमेंटच्या टाक्यात, बोअरच्याच पाण्यात, चार महिने जपून वाढवलं.

ज्या सकाळी नमुना प्रयोगशाळेत न्यायचा होता, त्याच सकाळी अंघोळ करून येते तर काय, ओट्यावर मेथीच्या शेजारी माझ्या शेवाळाच्या जुड्या! सुतळीनं बांधलेल्या. आईचा जन्म भाजी पिकवण्यात आणि विकण्यात गेलेला. मळकं पान ती घराबाहेर जाऊच देत नाही.

"लय बुळबुळ होती त्याच्यावर. चांगली चोळून काढली," ती म्हणाली.

ती बुळबुळ म्हणजेच माझे जिवाणू. मेहनत पाण्यात गेली, तीही अक्षरशः. मी नको नको ते बोलले.

"काहून आरडून राहिली? पानी हाये ना बादलीत."

होतं. खारं पाणी अंगणात सांडलं की माती पांढरी पडते, म्हणून आई भाजी धुतलेली बादली संध्याकाळपर्यंत ठेवते आणि मग बांधापलीकडे ओतते. त्या बादलीत अजून मेथी बुडाली नव्हती. मी मॅडमना फोन लावला. त्या हसतच सुटल्या. "अगं, आपण तरी काय करतो? शेवाळ धुऊनच जिवाणू काढतो ना! ते पाणी आण. तुलनेला बोअरचं साधं पाणीही आण."

दोन कॅन घेऊन मी एसटीत बसले. प्रयोगशाळेत दोन्ही पाण्यांचे थेंब जिवाणू वाढवायच्या काचेच्या बशांत पसरले. चौथ्या दिवशी साध्या पाण्याच्या बशीत जिवाणूंचे दोन-तीन पांढरे ठिपके होते. बादलीच्या बशीत मात्र गुलाबी, पिवळे, केशरी ठिपके दाटीवाटीनं उगवले होते. मला इतका आनंद झाला, की रविवारी आईलाच प्रयोगशाळेत घेऊन आले. वांगं किडकं आहे का बघावं तशी तिनं बंद बशी उजेडात फिरवून पाहिली.

"हे सारे जित्ते हायेत?"

"हो."

"मी इतकं चोळून बी?"

"तू चोळलंस म्हणूनच हाती लागले."

तिनं बशी जपून माझ्या हातात दिली.

"मंग पुढच्या बारीले बी मीच धुतो. तू फकस्त आरडू नको."