रोज उतरणारी बॅटरी

एकाच इमारतीत वीस वर्षे काढली की किस्से जिन्याखालच्या रद्दीसारखे साचत जातात. आमच्या वाशीच्या इमारतीतल्या बहुतेक किश्शांच्या मधोमध आमची जुनी गाडी उभी आहे.

गाडी मी चालवत असे, म्हणून किल्ली माझ्या पर्समध्ये; दाराचे कुलूप मात्र केव्हाच बिघडलेले. यजमान बसने कचेरीत जात. त्यांनी हौसेने गाडीत कॅसेट प्लेयर बसवून घेतला आणि त्याच आठवड्यात एका सकाळी गाडी सुरूच होईना. तळमजल्यावरचे कांबळे बनियनवरच धावत आले व त्यांनी धक्का मारला. तरीही मी शाळेत पोहोचले तेव्हा प्रार्थना संपली होती. इतक्या वर्षांच्या नोकरीतला माझा तो पहिला उशीर. फाटकाशी उशिरा आलेल्या मुलांची रांग होती. मीही तीत उभी राहिले. कोणीही हसले नाही, तेच अधिक लागले.

*

नवी बॅटरी घेतली. चौथ्या दिवशी तीही उतरली. कांबळे आता रोज सकाळी चपला घालूनच तयार असत. म्हणाले, "बाई, आमची मिसेस म्हणते, यांचं पोट कमी झालंय. रिपेअरची घाई करू नका."

*

पेपर तपासताना मला घरात संपूर्ण शांतता लागे. रेडिओदेखील चालत नसे. यजमान समजूतदार. संध्याकाळी फडके घेऊन गाडी पुसायला खाली जात. जेवणाची वेळ झाली की मी गॅलरीतून हाक मारी आणि ते लगबगीने वर येत. शेजारणी म्हणत, नवरा असावा तर असा.

गाडीवरची धूळ मात्र कधी हलली नाही.

*

शेवटी जुहूगावचा बाळाराम मिस्त्री आला. कांबळेही बघायला उभे राहिले. त्याने बॅटरीची एक वायर सोडवली आणि मध्ये छोटा दिवा जोडला. किल्ली माझ्या हातात, गाडी बंद, तरी दिवा पेटलेला. एकेक फ्यूज काढला, दिवा तसाच. मग त्याने कॅसेट प्लेयरची वायर ओढली आणि दिवा विझला. ती वायर थेट बॅटरीला जोडलेली होती, म्हणजे किल्लीवाचून चालणारी.

"बाई, गाडी बंद असताना गानी कोन ऐकतं?"

यजमान फडक्याची घडी घालू लागले.

"बंद करत होतो," ते हळूच म्हणाले. "तुझी हाक आली की घाईत बटण पूर्ण फिरत नसे, फक्त आवाज शून्यावर जायचा."

मी बाळारामला वायर किल्लीवर घ्यायला सांगितले. त्यानंतर बॅटरी उतरणे थांबले. यजमान संध्याकाळी खाली जाईनासे झाले. मी पेपर तपासत असे. ते समोर बसून वर्तमानपत्राचे तेच पान वाचत.

*

यजमान गेले त्याच्या दुसऱ्या महिन्यात मी बाळारामला बोलावले.

"वायर पुन्हा थेट जोडा."

"बाई, बॅटरी उतरंल."

"जोडा."

त्या संध्याकाळी किल्ली वर ठेवून मी खाली गेले. कॅसेट आतच होती, अर्ध्यावर थांबलेली. तिथूनच गाणे सुरू झाले. थोड्या वेळाने कांबळ्यांच्या मिसेसनी खिडकीतून हाक मारली, "बाई, आज आमच्याकडे जेवायला या." मी लगबगीने उठले.

सकाळी गाडी सुरू होईना. कांबळे चपला घालून आले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"आवाज शून्यावर?"

"हो."

"बसा," ते म्हणाले आणि धक्का मारायला मागे गेले.